मधली जागा

सुलतान बाजारातून परतताना ऑटोत दोघांच्या मध्ये ठेवलेली पिशवी सुशीलाने उचलून मांडीवर घेतली, एवढंच झालं होतं. पिशवी जड होती. मुलीच्या, केतकीच्या, घरच्या पडद्यांचं कापड, परकराचं कापड, आणि वर बडी चावडीतून घेतलेली वांगी. मांडीवर नीट मावत नव्हती, म्हणून तिने ती दोन्ही हातांनी कवटाळून धरली आणि स्वतः कडेच्या दांडीला चिकटून बसली. मधली जागा रिकामी राहिली. मुकुंदराव म्हणाले, ठेव की खाली, जागा आहे ना. ती म्हणाली, असू दे. ‘असू दे’ म्हणताना तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, अगदी ओझरतं, शेजारी बसलेल्या माणसाला आपला कोपर लागत नाही ना म्हणून पाहावं तसं. कोठीच्या सिग्नलला ऑटो थांबला होता, डोक्यावरून मेट्रो घरघरत चालली होती, आणि मुकुंदरावांच्या एकदम ध्यानात आलं की या ऑटोत मागच्या सीटवर आपण तिघं आहोत.

त्यांना राग आला. राग येऊनही करायचं काय हे न कळल्यामुळे तो आणखी वाढला. बायकोने परक्या पुरुषाकडे पाहिलं असतं तर निदान भांडायला माणूस तरी समोर असता. त्यांची सारी नोकरी दिवाणी कोर्टात झाली, सिरस्तेदार म्हणून ते निवृत्त झाले. कज्जा म्हटला की दोन बाजू लागतात आणि दोन्ही बाजूंना नाव-पत्ता लागतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. इथे दुसरी बाजू हजरच नव्हती आणि तरी तिने जागा अडवली होती. ऑटो पुढे सरकला, खड्ड्यात आदळला, ते सवयीने मध्ये सरकू लागले आणि मग अंग चोरून पुन्हा आपल्या कडेला झाले. आपण अंग चोरलं याचा त्यांना सर्वांत जास्त राग आला.

हे सगळं सुशीलाच्या निवृत्तीनंतरचं. जामबागेतल्या मुलींच्या शाळेत तिने उभी हयात विज्ञान शिकवलं. बेडकापासून विजेच्या मंडलापर्यंत सगळं तिला फळ्यावर काढता यायचं. घरी बसल्यावर ती महिनाभर सैरभैर झाली, आणि मग कुणीतरी तिला भाग्यलक्ष्मी नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या बाई लहान मुलांच्या डॉक्टर. दवाखाना बंद केल्यावर त्यांच्या रिकाम्या झालेल्या हॉलमध्ये गुरुवारी काही माणसं जमायची आणि नुसती बसायची. भजन नाही, पोथी नाही, प्रसादाची साखरसुद्धा नाही. मुकुंदरावांनी तेव्हा विचारलं होतं, बसून करता काय? सुशीला म्हणाली होती, काही नाही. मागायचं नाही, सांगायचं नाही, तो आहे असं धरून त्याच्याजवळ बसायचं, आणि उठल्यावर भांडी आवरताना, रस्ता ओलांडतानासुद्धा तो आहे हे विसरायचं नाही. विज्ञानाची बाई असं बोलते याची त्यांना गंमत वाटली. थोड्या दिवसांचं खूळ आहे, जाईल, असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. पण खूळ गेलं नाही. ती रोज सकाळी खिडकीपाशी चटईवर बसू लागली. उठली की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं, नुकतंच कुणालातरी दारापर्यंत पोचवून परतल्यासारखं. एकदा आंबाडी निवडता निवडता ती सहज म्हणाली, आज किती बरं वाटलं म्हणून सांगू, अगदी जवळ होतं कुणीतरी. मुकुंदराव तिच्यासमोर हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी विचारलं, कुणीतरी म्हणजे? ती हसली आणि देठं बाजूला करत राहिली.

त्यांच्या घरातला देव असा नव्हता. वडील निजामाच्या राज्यात महसूल खात्यात लागले होते, आणि पूजाही त्यांनी दफ्तरासारखी चालवली. घंटा, गंध, फूल, नैवेद्य, आणि शेवटी देव्हाऱ्याचा छोटा लाल पडदा ओढायचा. पडदा ओढला की देवाला सुटी आणि आपल्यालाही. लहानपणी मुकुंदरावांना त्या पडद्याचा फार आधार वाटे. पडद्याच्या अलीकडे मारामारी करता येई, खोटं बोलता येई, गणितात नापास होता येई. पुढे त्यांनीही तोच रिवाज ठेवला. सकाळी अंघोळ करून ओलेत्याने चार मंत्र, दोन फुलं, नमस्कार, पडदा. देवाने देव्हाऱ्यात असावं. त्याने स्वयंपाकघरात, बाल्कनीत, ऑटोत येऊ नये, आणि दोन माणसांच्या मध्ये तर मुळीच बसू नये. शाळेतून सुटलेल्या पोरासारखा तो सगळीकडे फिरायला लागला तर माणसाने बसायचं कुठे?

आणि ती भांडेनाशी झाली, हे तर असह्य होतं. त्यांचं सगळं लग्न भांडणावर उभं होतं. वाईट भांडणं नव्हेत, रोजची. चहा फिका का, तारीख लक्षात कशी राहिली नाही, तुमच्या बहिणीने मला काय ऐकवलं, तुम्ही तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. संध्याकाळी भाजी निवडताना ती शाळेतल्या हेडबाईंपासून बोअरच्या पाण्यापर्यंत सगळ्यावर तोंड सोडायची, आणि ते मधून मधून मुद्दाम हेडबाईंची बाजू घ्यायचे. मग ती हातातली भाजी टोपलीत टाकून म्हणायची, तुम्हाला ना, दुसऱ्याचंच बरोबर वाटतं. हे वाक्य ऐकलं की त्यांना घरी आल्यासारखं वाटायचं. आता ते म्हणायचे, चहा फिका झालाय, आणि ती म्हणायची, हो, झालाय खरा, आणि कप उचलून पुन्हा आधणात ओतायची. परवा त्यांनी ठरवून, विनाकारण, तिच्या मेलेल्या भावाचा उल्लेख काढला होता, त्याच्या आळशीपणाचा. तिने ऐकून घेतलं. डोळे किंचित मिटले, उघडले, आणि म्हणाली, होता तसा तो. मुकुंदरावांना त्या क्षणी स्वतःची शरम वाटली, आणि शरमेमुळे तिचाच आणखी राग आला. कुणीतरी तिला आतून धरून ठेवलं होतं. तिच्या रागाचा जो वाटा नवऱ्याचा होता तो परस्पर भलतीकडेच जमा होत होता.

केतकीला त्यांनी फोन केला होता. ती गच्चीबावलीला राहते, मोठ्या कंपनीत आहे, तिच्या बोलण्यात मराठी पाहुण्यासारखी येऊन जाते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, चिल करा ना. ते आईचं मी-टाइम आहे. आमच्या ऑफिसमध्ये पण ॲप आहे, सगळे करतात, स्ट्रेस कमी होतो. तुम्ही पण ट्राय करा. मुकुंदरावांना म्हणायचं होतं की स्ट्रेस तिचा गेला आहे आणि माझ्याकडे आला आहे. पण ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. बायको कुणाचीतरी झाली आहे आणि तो कुणीतरी दिसत नाही, हे कुठल्या भाषेत मुलीला सांगायचं?

म्हणून ऑटोच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी ते स्वतः खुर्ची ओढून चटईशेजारी बसले. सुशीलाने डोळे उघडून एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, पुन्हा मिटले. त्यांनीही मिटले. त्यांच्या मनात भक्ती नव्हती, पाळत होती. बघूच कोण येतो ते. खालच्या मजल्यावर बोअरची मोटर सुरू झाली. उजवा गुडघा ठणकू लागला. कुणाच्यातरी फोडणीला जास्त मिरची पडली आणि घशात खवखवलं. मग त्यांना कोर्टातला एक म्हातारा आठवला, घराच्या वाटणीचा दावा लावलेला. तारखेला यायचा, बाकावर बसायचा, पुकारा होण्याआधीच उभा राहायचा. समोरचा भाऊ कधीच येत नसे. पुढची तारीख मिळाली की म्हातारा हात जोडून निघून जायचा. निकाल काय लागला ते आठवेना. कदाचित लागलाच नसेल. डोळे उघडून त्यांनी शेजारी पाहिलं. सुशीला ताठ बसली होती. तिच्या चेहऱ्यावर त्यांना अपेक्षित होतं ते काहीच नव्हतं. मिटलेल्या पापण्यांच्या कडेला सुरकुत्या दाटल्या होत्या, ओठ घट्ट होते. दुखऱ्या दाढेवर जीभ ठेवून बसलेल्या माणसासारखी दिसत होती ती. त्यांना वाटलं, आपण बसलोय म्हणून. आपण मध्ये आलोय. ते गुपचूप उठले आणि दाढी करायला गेले, आणि हनुवटीला कापून घेतलं.

थोड्या वेळाने दूध उतू गेलं. सुशीला गॅसपाशीच उभी होती. दूध चढलं, भांड्याच्या कडेवरून घसरलं, ज्योतीवर पडून चरचरलं, तरी ती ओट्याला हात टेकून खिडकीबाहेर पाहत होती, समोरच्या इमारतीच्या टाकीकडे. हनुवटीला तुरटी लावत मुकुंदराव दारात आले, आणि गेली दोन वर्षं साठलेलं सगळं एका वाक्यातून बाहेर पडलं.

“विचार ना त्याला, दुधाकडे का लक्ष ठेवलं नाही म्हणून.”

तिने गॅस बंद केला. फडकं ओलं केलं, शेगडी पुसली, फडकं पिळलं, पुन्हा पुसली. मग त्यांच्याकडे पाठ करूनच म्हणाली, “तो नाहीये.”

त्यांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे नाहीये. गेल्या दिवाळीच्या आधीपासून नाहीये. एकदम नाही, हळूहळू झालं. आधी वाटलं आपलंच लक्ष नाही. मग वाटलं तब्येतीमुळे असेल. मग एक दिवस कळलं की खोलीत आपण एकट्याच बसलोय, बराच काळ एकट्याच बसलोय. हे सांगताना तिचा आवाज वर्गात धडा सांगावा तसा सपाट होता. डॉक्टरीणबाई म्हणतात असं होतं, पुष्कळांचं होतं, बसत राहा. म्हणून बसते.

“पण कुणी येत नाही तर रोज बसतेस कशाला?”

“दुसरीकडे कुठे बसू?” ती म्हणाली.

मुकुंदराव हनुवटीला तुरटी धरून उभे होते. म्हणजे ते मौन, ते ऐकून घेणं, चहा पुन्हा उकळणं, यातलं काही सुखाचं नव्हतं. ती भांडत नव्हती कारण तिच्यात भांडायला त्राण नव्हतं. इतके महिने ते ज्याचा मत्सर करत होते तो घरात नव्हताच, आणि त्याच्या रिकाम्या जागेशेजारी ही बाई रोज अंग चोरून बसत होती. त्यांनी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती वळली. तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं, कितीतरी दिवसांनी असं पाहिलं.

“तुम्हाला बरं वाटलं असतं,” ती म्हणाली.

आणि खरंच, ती सांगत असताना, पहिल्या क्षणी, दुसरं काहीही सुचण्याआधी, त्यांना बरं वाटलं होतं. तिने ते त्यांच्या तोंडावर पाहिलं असणार. तिला त्यांचा चेहरा वाचता यायचा, फळ्यावरच्या आकृतीसारखा.

दूध आणतो, असं काहीतरी म्हणून त्यांनी चप्पल घातली. दुधाचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं, ते त्यावरून पुढे गेले. पुस्तकांची दुकानं गेली, कोठीचा गलबला गेला, सरकारी दवाखान्याच्या भिंतीलगत रिपोर्टांची पाकिटं घेऊन उभी असलेली माणसं गेली, आणि ते अफझलगंजच्या दिशेने चालतच राहिले. ऊन चढलं होतं. संताप एवढा होता की चालण्याचा वेग त्यांच्या वयाला शोभत नव्हता. आधी तो स्वतःवर होता. मग डॉक्टरीणबाईंवर गेला: पुष्कळांचं होतं म्हणे, जसा काही गोवरच. मग तिथेही टिकेना. ग्रंथालयाच्या पुढे आल्यावर त्यांना कळलं की त्यांचे ओठ हलताहेत.

हे बरोबर नाही, ते म्हणत होते. हे काही बरोबर केलं नाही तुम्ही. कधी नव्हे ते त्यांनी देवाला ‘तुम्ही’ म्हटलं होतं, वरच्या साहेबासमोर कागद ठेवताना म्हणावं तसं. ही बाई रोज येते. काही मागत नाही. माझ्या बीपीचंसुद्धा मागत नाही, मला माहीत आहे, मागितलं असतं तर मला तसं ऐकवलं असतं तिने. आपण होऊन आलात, तिला सवय लावलीत, आणि मग न सांगता उठून गेलात. नोकरीवरच्या माणसालासुद्धा असं करता येत नाही, नोटीस द्यावी लागते. यायचं नव्हतं तर आधी आलात कशाला? समोरून येणारी एक बुरखेवाली बाई मुलाचा हात धरून जरा बाजूने गेली. मोसंबीच्या गाडीवरचा म्हातारा म्हणाला, “धूप में कैकू फिर रैं साब, बैठो जरा.” मुकुंदरावांनी “नक्को, नक्को” म्हणून हात हलवला आणि पुढे चालले, कारण मुद्दा अजून संपला नव्हता. मूसी नदीच्या पुलाला लागले तेव्हा ‘तुम्ही’ केव्हाच गळून पडलं होतं. तुला लाज नाही वाटत? तुझ्यापायी तिने माझ्याशी भांडणं सोडलं. माझ्याकडून घेतलीस, ठीक आहे, मी काही तिला नीट वागवत नव्हतो, पण घेतलीस तर सांभाळायची तरी. दाढ दुखत असल्यासारखी बसलेली असते ती. तू बघतोस का? बघत असशील तर कसं बघवतं तुला?

पुलाच्या मध्यावर त्यांना थांबावं लागलं. कठड्याला हात टेकला तर दगड तापलेला. खाली काळपट पाण्याचा एक ओघ आणि बाकी सगळं झुडूप. मागून बस गेली, पूल हलल्यासारखा वाटला. छाती धपापत होती. ते उगी राहिले. आणि थोडा वेळ तसे राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण दमलोय म्हणून गप्प नाही. आपलं बोलून झालंय, आणि आता समोरच्याची पाळी आहे, म्हणून गप्प आहोत. ते दचकले. आजूबाजूला पाहिलं. हॉर्न वाजत होते, कठड्यावर एक घार बसली होती, कुणाचंही त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. उत्तर काही आलं नाही. पण रस्त्यावर एकटाच बडबडणारा माणूस गप्प झाल्यावर जसं रिकामं वाटायला हवं तसं काही वाटेना. तो प्रकार त्यांना मुळीच आवडला नाही. देवाच्या नावाने काहीतरी वाटून घेणाऱ्या माणसांपैकी ते नव्हते. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि आल्या वाटेने परत फिरले. सगळी वाट जरा घाबरल्यासारखे चालले.

दार उघडंच होतं. सुशीला चटईवर बसली होती, भिंतीला टेकून, पाय पसरून; ते बसणं तसलं नव्हतं, नुसतं थकल्याचं होतं. दूध कुठाय, तिने विचारलं. ते म्हणाले, राहिलं. एवढा वेळ कुठे होतात, उन्हात, तोंड बघा कसं लाल झालंय, गोळी घेतली होती का सकाळची? त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि खुर्चीवर न बसता, गुडघ्याला हात देत देत, खाली चटईच्या कडेला बसले.

“भांडून आलो,” ते म्हणाले.

“कुणाशी?”

त्यांना ते नाव घेता येईना. या वयात, स्वतःच्या बायकोसमोर, त्यांना लाज वाटली. पण सुशीलाला चेहरा वाचता यायचा. ती भिंतीपासून सरळ झाली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग, त्यांच्या डोळ्यांदेखत, लाल होत गेला.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?” ती म्हणाली. “माझं मी बघत होते ना. काय बोललात?”

त्यांनी सांगितलं. कोर्टात सवय झालेली, त्यामुळे काही गाळलं नाही, नोटिशीचंही सांगितलं, लाज वाटत नाही का हेही. सुशीला ऐकत होती आणि तिचा आवाज चढत होता. असं बोलतात का? जन्मभर दोन फुलं वाहून पडदा ओढलात आणि आज एकदम त्याची लाज काढायला निघालात? तुम्ही कोण त्याला विचारणारे? मी वर्षभर जीभ चावून बसले, एक शब्द वाकडा बोलले नाही, आणि तुम्ही भर रस्त्यात, पुलावर... तिने पदराने डोळे पुसले, रागानेच पुसले, आणि मग पदर तोंडावर तसाच धरून राहिली. खाली कुणीतरी मोटर बंद केली. मग तिने पदर खाली केला. आवाज अगदी लहान झाला होता, मुकुंदरावांनी तो कधी ऐकला नव्हता.

“मग? काय म्हणाला?”

खोटं बोलायचं नाही हे त्यांनी उत्तर देण्याआधीच ठरवलं. तिला बरं वाटावं म्हणूनही नाही. तेवढं तर ते तिला देणं लागत होते. त्यांनी पुलावरचा तो वेळ पुन्हा आठवून पाहिला, साक्षीदाराची जबानी तपासावी तसा, उलटसुलट, आणि त्यात खोट सापडते का ते बघितलं. सापडली असती तर त्यांना हायसं वाटलं असतं.

“काही नाही म्हणाला,” ते म्हणाले. “ऐकून घेतलं.”

सुशीला पुढे सरकली.

“सगळं?”

“सगळं. मध्ये बोलला नाही.”

आता ती रडणार असं त्यांना वाटलं, पण ती रडली नाही. तिने चटईच्या कडेची एक सुटलेली काडी धरून जोराने उपटली.

“तुमचं बरं ऐकून घेतो,” ती म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.